ढालवाल्याची पट्टी
आज कपाट आवरताना जुना हेडफोन सापडला, त्याच्या रेक्झिनचा घामट वास नाकात गेला आणि बेहाला भागातल्या घरातली ती दमट संध्याकाळ आठवली. खिडकीसमोरून मेट्रो गेली की टेबल थरथरायचं. दादाच्या टीममध्ये एक जण कमी पडला म्हणून त्याने मला त्या गोळीबाराच्या गेममध्ये हीलर म्हणून बसवलं होतं; म्हणजे मारायचं कुणाला नाही, आपल्याच माणसांना बरं करत फिरायचं. कानात टीममधला एक जण बंगालीत ओरडत होता, ‘हील दे, आमाके हील दे,’ मला बरं कर, आणि मी वेड्यासारखी त्याच्याच मागे धावत होते. सगळ्यांत पुढे ढाल धरून उभा असलेला मात्र अवाक्षर बोलत नव्हता. ‘याला काही नको का?’ मी विचारलं. ‘तो टँक आहे, सगळ्यांचा मार तोच खातो,’ शेजारच्या लॅपटॉपवरून दादा वैतागून म्हणाला. ‘ओरडणारा आडोशाला बसलाय, त्याला काही होत नाही. आवाज ऐकू नकोस, कुणाचा जीव किती उरलाय ते डोक्यावरच्या पट्ट्यांत बघ.’ मी बघितलं. ढालवाल्याची पट्टी लाल झाली होती, जेमतेम केसाएवढी उरली होती. मी त्याच्याकडे वळेपर्यंत तो पडला, आणि त्याच्यामागे एकेक करून आम्ही सगळेच. आज तोच हेडफोन हातात घेऊन बसले होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बाबांनी तिसऱ्यांदा हाक मारली, चहाचं काय झालं, डोकं दुखतंय. मी उठले आणि बाबांकडे न जाता आधी स्वयंपाकघरात आईला बघायला गेले. आई ओट्याला टेकून, डोळे मिटून, गप्प उभी होती.