डॉक्टर एकनजर आणि सासूबाईंचा खुबा

हाडांच्या डॉक्टरांना सगळे पाठीमागे 'एकनजर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आवडतही होतं. फिल्म खिडकीकडे धरायची, पापणी लवायच्या आत खाली टाकायची आणि निकाल द्यायचा: "मोडलंय", नाहीतर "नाटक". बाजूनेही एक काढू का, असं एक्स-रेवाल्याने विचारलं, की ते म्हणत, हाडाचा फोटो काढतोयस की लग्नाचा अल्बम? 'नाटक' ठरलेला पेशंट बाहेर गेला, की ते त्याच्या लंगडण्याची हुबेहूब नक्कल करत आणि कंपाउंडर इमानेइतबारे पोट धरून हसे.

सगळ्यात रंगायची ती सासूबाईंची नक्कल. बाईंना साधी शिंक आली तरी त्या निरवानिरवीचं बोलू लागत. त्यामुळे त्या न्हाणीघरात घसरल्या आणि "जावईबापू, पाय टेकवत नाहीये हो," असं कण्हू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी तो नवा सूर मनात टिपूनच घेतला.

समोरून एकच फिल्म निघाली. खिडकी, पापणी, निकाल. खुब्याचं हाड मोडून जागच्या जागी रुतलं, की समोरून जेमतेम एक पांढुरकी रेघ दिसते. ती सापडायला निवांत बघणारा लागतो, नाहीतर बाजूची फिल्म. इथे दोन्ही नव्हतं.

"आई, हाड ठणठणीत आहे. चाला बघू."

आज राहू द्या, तिचा चेहरा तरी बघा, असं बायको म्हणाली. चेहरा बघणं यांच्या कामात बसत नव्हतं. त्यांनी सासूबाईंना धरून उभं केलं आणि कंपाउंडरकडे बघून डोळा मिचकावला. बाई टेबलापासून दारापर्यंत चालल्या. तिथे काटकी मोडावी तसा आवाज आला आणि त्या खाली बसल्या. कण्हल्यासुद्धा नाहीत. उजवा पाय बाहेर वळला होता, आखूड दिसत होता. ते कळायला फिल्म लागत नव्हती.

ऑपरेशन झालं, पाय आखूडच राहिला. सासूबाई आता लेकीकडेच असतात. दवाखान्याच्या वेळेत दारासमोरच्या बाकावर काठी घेऊन बसतात. डॉक्टरांनी फिल्म हातात घेतली, की उठून लंगडत दारापर्यंत येतात.

"सावकाश बघा हो, जावईबापू. मी आहे इथे."

हल्ली करंगळीला ठेच लागली तरी बाजूची फिल्म निघते. दवाखान्यातल्या नकला बंद झाल्या. बाहेर चहा पिताना कंपाउंडर एक करतो: खिडकीकडे बराच वेळ धरलेली फिल्म आणि दाराकडे वळणारी चोरटी नजर. एक्स-रेवाला पोट धरून हसतो.