सावकाश बघा, सर

माझे वडील कवठे येमाईचे. हयातभर मेंढरं राखली आणि मला शिकवलं. तळेगाव ढमढेरेच्या शाळेत मी बाई म्हणून लागले, तेव्हा ते एकदाच मला भेटायला शाळेत आले. मुख्याध्यापकांनी त्यांना ऑफिसच्या दारातच थांबवलं आणि सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "आत नको. घोंगडीचा वास जात नाही लवकर." आप्पा दारातूनच माघारी वळले. पुन्हा शाळेकडं फिरकले नाहीत. वर्षभरात गेले.

मी तिथंच नोकरी करत राहिले, त्या माणसाला रोज नमस्कार घालत.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा शिक्षकांची सहल कोकणात गेली. समुद्राकाठचं अभयारण्य होतं ते. काळे कातळ, करवंदीच्या जाळ्या, आणि समुद्रात थोडं आत खडकावर जुनं दीपगृह अन् एक पडकी चौकी. ओहोटीला तिथं चालत जाता येतं, तसे आम्ही निघालो. पहारेकऱ्यानं मला बजावलं, साडेबाराच्या आत सगळे परत या, मग वाट बुडते. कुणी अडकलंच तर चौकीत बसायचं, जिवाला धोका नसतो, पण संध्याकाळपर्यंत सुटका नाही.

मी सगळ्यांना परत काढलं. मुख्याध्यापक तेवढे दीपगृहाचे फोटो काढत मागं राहिले होते. त्यांनी मला विचारलं, "बाई, वेळ आहे ना अजून?"

साडेबाराला दहा मिनिटं होती.

"आहे की. सावकाश बघा, सर."

किनाऱ्यावर येऊन मी मागं वळून पाहिलं. वाटेवर पाणी चढलं होतं. ते चौकीच्या कट्ट्यावर उभे राहून हात हलवत होते. बाकीचे घाबरले. पहारेकऱ्यानं त्यांची समजूत घातली. मी डबा उघडून भाकरी खाल्ली. इतक्या चवीनं कितीतरी दिवसांत खाल्ली नव्हती.

दिवस मावळता मावळता ते आले, ओठ सुकलेले, पँट मांडीपर्यंत भिजलेली. सगळ्यांदेखत मला म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं."

"होतं," मी म्हणाले.

त्यांनी वर्षअखेरीला माझा गोपनीय अहवाल खराब लिहिला. मी बदली मागून राहू गावच्या शाळेत गेले. आईला सगळं सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चांगलं केलंस असं न्हाई म्हननार मी. पन मला वाईट वाटलं न्हाई."

मलाही नाही वाटलं.