काथ्याचे मानपान

शेजारच्या मालतीकाकू गच्चीवर टोमॅटोच्या कुंडीत वाकून काहीतरी पुरत होत्या. जवळ जाऊन पाहिलं तर त्यांच्याच कॅल्शियमच्या गोळ्या, डॉक्टरांनी हाडांसाठी दिलेल्या.

"काकू, या तुम्ही खायच्या असतात."

"माझी हाडं झिजायची तेवढी झिजली. या रोपाचं बघ, पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. कोवळं आहे रे अजून."

कुंडीत माती नव्हती, नारळाच्या काथ्याचा भुसा होता. त्याला कोकोपीट म्हणायला लागल्यापासून त्याचा रुबाब वाढला आहे. घातलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम तो आधी स्वतःच धरून बसतो आणि त्याचं समाधान झालं की मग झाडाला सोडतो. लग्नातल्या मानकऱ्यांसारखंच हे. त्यांचे फेटे आणि नारळ आटोपेपर्यंत नवरानवरी उपाशी. म्हणून जाणकार हा भुसा आधी त्याच क्षारांच्या पाण्यात भिजवतात आणि मगच रोप लावतात. मानकऱ्यांना आधी जेवू घालणं सोयीचंच असतं.

काकूंच्या घरातही पंगती उठायच्या, पण शेवटी बसणाऱ्या काकूंच्या ताटात काय उरायचं, ते कोणी पाहिलं नसावं. आता कोणी वाढणारं असलं तरी त्यांना आधी वाढून घ्यायची सवय नाही.

"हा पिवळेपणा मॅग्नेशियम कमी पडल्याचा आहे," मी म्हणालो. "मी आणून देतो. कॅल्शियम जास्त झालं तर उलट बिघडेल."

"म्हणजे या गोळ्या त्याला चालणार नाहीत?"

"नाहीत."

त्यांनी हातातली उरलेली गोळी पदराला पुसली आणि तोंडात टाकली.

"आता वाया कशाला घालवायची," त्या म्हणाल्या.