ताईच्या पायाखालची जमीन

बुटांच्या कारखान्यात त्याला सगळे घासू म्हणायचे. त्यात अपमान काही नव्हता, त्याचं कामच ते होतं. नवा बूट बाजारात जाण्याआधी घासूच्या पायात जायचा. मग तो खडीवरून, ओल्या पायऱ्यांवरून, तापलेल्या डांबरावरून चालत सुटायचा. रबरी तळ झिजला की बूट साहेबांच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "गेला." या एका शब्दावर त्याने अख्खी नोकरी काढली. निवृत्त झाला तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला बूटच भेट दिले. ते त्याने अजून घातलेले नाहीत. झिजतील, म्हणतो.

घरात मात्र त्याला घासू म्हणणारं कोणी नव्हतं. बायको "अहो" म्हणायची, आणि थोरली बहीण, म्हणजे ताई, म्हणायची "बाळ्या". मिशा पांढऱ्या झाल्या तरी त्या हाकेसरशी तो उभा राहायचा. आई लवकर गेली, तेव्हा हा नुकताच शाळेत जायला लागला होता आणि ताई स्वतःच फ्रॉकातली पोर होती. तिने याला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, वेळप्रसंगी कानही पिळले. फक्त कधी शाबासकी दिली नाही. नोकरी लागल्याचं सांगायला हा धावत गेला, तर ती म्हणाली, "बूट घालून हिंडायचे पैसे देतात? आणि तू घेतोस?" पसंत केलेली मुलगी दाखवायला नेली, तर तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "बरी आहे." ती बरी म्हणजेच याची बायको. घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती हा किस्सा हसत ऐकवते.

तर या ताईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ती एकटी राहायची, तीही पार वरच्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. आता जिने चढणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. घासूचं घर उतारावर होतं. पुढच्या रस्त्यावरून पाहिलं की त्याच्या घराखालची खोली तळघर वाटायची, पण तिचं मागचं दार थेट खालच्या गल्लीत उघडायचं. पायरी म्हणून एकही नाही. खोली मोठी होती, शेजारी न्हाणीघर होतं, आणि आजवर तिथे मोडक्या सायकली आणि रिकामी खोकी सुखाने नांदत होती.

"ताईंना इथेच आणू या," बायको म्हणाली. "सामान मी हलवते. तुम्ही तेवढी खालची जमीन करून घ्या."

तेवढी, असं ती म्हणाली खरी.

खाली नुसतं काँक्रीट होतं, पाय ठेवला की पांढरी भुकटी चिकटायची. लाकूड घालावं तर ओलीने फुगेल, टाइल घालाव्यात तर म्हाताऱ्या पायांना गार पडतील, आणि कार्पेटला तळघरात कुबट वास सुटतो. शेवटी कोणीतरी व्हायनिलच्या पट्ट्या सुचवल्या. दिसायला लाकडासारख्या, जातीने प्लास्टिकच्या, एकीच्या कडेत दुसरी खटकन बसते. घासू दुकानात गेला.

दुकान चालवणारी बाई चष्मा डोक्यावर चढवून बसली होती. घासूने पहिलाच प्रश्न टाकला, "झिजेल कधी?"

"तुमच्या हयातीत नाही, काका."

"माझी हयात किती, हे तुम्हाला काय माहीत?"

बाईने चष्मा खाली घेतला. हे गिऱ्हाईक लवकर उठणारं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. मग तिने एक तुकडा आडवा धरून नीट समजावून सांगितलं. वरचा काचेसारखा थर झीज सोसतो, तो जितका जाड तितकी पट्टी टिकाऊ. मधला गाभा दगडाच्या भुकटीचा असला की थंडी-उष्णतेने फारशी हलत नाही. आणि पाणी सांडलं तर पुसून टाकायचं, काही होत नाही. घासू मान डोलावत होता. एवढ्यात ती म्हणाली, "फक्त रबराच्या बुडाचं पायपुसणं यावर ठेवू नका. रबराने डाग पडतात, मग ते जात नाहीत."

"रबराने?" घासूने विचारलं.

"रबराने."

ज्या रबराने आपल्याला जन्मभर पोसलं, त्याच्याबद्दल असं कोणी बोलावं, हे त्याच्या मनाला फार लागलं. त्याने नमुन्यांची पिशवी उचलली आणि तो निघाला. पाठीमागून बाई सांगत राहिली, "आणि आधी खालचं काँक्रीट कोरडं आहे का बघा. प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून ठेवा, दोन दिवसांनी उचला. खाली दव दिसलं तर थांबा." रुसलेल्या माणसाने ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

मग घरात परीक्षा सुरू झाल्या. प्रत्येक तुकड्याच्या मागे कंपनीने दिलेलं काव्यमय नाव होतं. घासूने 'शरदातली सांज' किल्लीने ओरबाडली. 'रानातली पहाट' बादलीत बुडवून ठेवली. तिसरी कुठली तरी 'झुळूक' होती, ती धुण्याच्या मशीनच्या पायाखाली सरकवली. बायको बर्फ काढायला गेली, तर फ्रीजमध्ये 'सायंछाया' पडलेली.

"अहो, या 'सोनेरी वाटे'वर तापलेली कढई कोणी ठेवली?"

"मी. दहा मिनिटं राहू दे."

"आणि भाजी कशात करू? बुटात?"

घासू जमिनीवर मांडी घालून भिंगातून चरे बघत होता. त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकूनही दाखवलं नाही. आठवडे गेले. पट्ट्या सगळ्या परीक्षांतून पास होत होत्या, आणि याला तेच खुपत होतं. एखादी तरी "गेला" म्हणण्याजोगी निघायला नको? सगळ्याच चांगल्या म्हटल्यावर निवडायची कशी? तो पुन्हा दुकानात जायचा आणि नवे नमुने आणायचा. बाई आता त्याला लांबून पाहिल्याबरोबर चष्मा खाली घ्यायची.

एका दुपारी बायको त्याच्यासमोर येऊन बसली. "खरं सांगू? तुम्ही जमीन निवडत नाही आहात. ताईंचं येणं लांबवताय."

"काहीतरीच."

"मग ठरवून टाका ना."

घासूने भिंग खाली ठेवलं. बराच वेळ तो अंगठ्याने एका तुकड्याची कड चाचपत राहिला. मग म्हणाला, "तिला नाही आवडली तर? कायम राहायला येणार ती. रोज उठून पायाखाली तीच जमीन, आणि रोज तिची तीच मान हलणार."

"नाही आवडली तर 'बरी आहे' म्हणतील. मी जगले ना त्यावर?" बायको उठली आणि तिने ताईला फोन लावला. "ताई, तुम्ही निघाच. हे जमीन निवडेपर्यंत थांबलात, तर तुमचा दुसरा खुबाही बदलून होईल."

ताई त्याच आठवड्यात खालच्या गल्लीत टॅक्सीतून उतरली. हातात काठी, बरोबर एक बॅग. बस म्हटलं तर बसली नाही, थेट तळघराकडे वळली. दारात उभी राहून तिने आत नजर फिरवली. "बाळ्या, जमीन कुठे आहे?"

घासूने नमुने ओळीने मांडले आणि कोणत्या तुकड्याने काय काय सोसलं ते सांगायला सुरुवात केली. ताईने चपला काढल्या आणि काठी टेकत ती अनवाणी खोलीभर फिरली. आतल्या कोपऱ्याशी, जिथे भिंतीपलीकडे माती होती, तिथे थबकली. तळवा मागेपुढे घासून म्हणाली, "इथे ओल आहे."

"छे, कोरडं आहे. दिसतंय की."

"ओल दिसतेय असं कोण म्हणालं? गार लागतंय. तू पाय ठेव. बूट काढ आधी."

घासूला दुकानातल्या बाईचं बोलणं आत्ता आठवलं. त्याने गपचूप प्लास्टिक आणलं, कोपऱ्यात चिकटवलं. दोन दिवसांनी उचललं तर खालच्या बाजूला पाण्याचे टपोरे थेंब. वरून घासलं तर काय होईल, ओरबाडलं तर काय होईल, हे त्याने महिनाभर तपासलं होतं. खालून काय येतंय हे एकदाही पाहिलं नव्हतं. त्याचा चेहरा असा उतरला, की चिडवायच्या तयारीने आलेली बायकोसुद्धा चिडवायचं विसरली. क्षणभरच. मग म्हणाली, "छपराच्या पन्हळीचा पाइप त्या भिंतीपाशीच रिकामा होतो. किती वर्षं सांगतेय मी."

पाइप लांबवून पाणी उताराकडे काढून दिलं. भिंतीबाहेरची माती उकरून तिला बाहेरच्या बाजूला उतार दिला. आता कोपरा सुकेपर्यंत थांबणं आलं, आणि तोवर ताईचा मुक्काम वरच्या बैठकीच्या खोलीत. घासूची कोंडी झाली. ज्या दोन बायका एकमेकींशी आजवर जपून बोलायच्या, त्यांची चांगलीच गट्टी जमली. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज यायचा. हा आत गेला की दोघी गप्प, आणि बायकोच्या चेहऱ्यावर नवंच काहीतरी कळल्याचं तेज. लहानपणी तो कपाटात लपून बसायचा आणि तिथेच झोपी जायचा, हे तिला इतक्या वर्षांनी कळलं. त्यानंतर ती त्याला हाक मारण्याआधी कपाट उघडून बघायला लागली.

कोपरा सुकला. प्लास्टिक पुन्हा चिकटवलं, उचललं, खाली टिपूस नव्हता. खोलीच्या मधोमध एक उंचवटा होता, तो घासूने घासून सपाट केला. त्याचं नाव सार्थ झालं तेवढंच. आता निवड.

घासूच्या मनात गर्द तपकिरी पट्टी होती. "चरे दिसत नाहीत. कचराही दिसत नाही."

"दिसत नाही म्हणून तो गेला का?" ताई म्हणाली. "आणि खाली उजेड आधीच कमी. त्यात काळी जमीन घालून मला कोळशाच्या खाणीत ठेवतोस?" तिने मधाच्या रंगाचा, जरा खरबरीत तुकडा पुढे ओढला. त्यावर पेल्यातलं पाणी ओतायला लावलं, आणि काठीचं टोक दाबून पाहिलं. घसरलं नाही. पाऊल ठेवून पाहिलं. "ही घे."

"झालं?" घासूला विश्वास बसेना. "किल्लीने तरी—"

"मी किल्लीवर चालणार नाही."

त्या पट्टीचा वरचा थर जाड होता आणि गाभा दगडी होता, हे घासूने गुपचूप पाहून घेतलं. नाव ठेवायला काही जागा नव्हती. तरी त्याने एक काढलीच. "ताई, काठी एका जागी टेकवून ठेवू नकोस हं. टोकाला रबर आहे. डाग पडतो."

"मग काय, डोक्यावर घेऊन बसू?"

शेवटी काठीसाठी भिंतीला खुंटी ठोकायचं ठरलं.

पट्ट्यांची खोकी दोन दिवस तळघरातच ठेवली, खोलीच्या हवेला सरावायला हवीत म्हणून. मग नवरा-बायको कामाला लागले. ताई खुर्चीत बसून माहितीपत्रक वाचत होती. घासूने पहिली ओळ भिंतीला अशी घट्ट भिडवली की मध्ये केस शिरला नसता. आपल्याच कामाकडे तो कौतुकाने बघत असताना खुर्चीतून आवाज आला, "इथे भिंतीलगत फट सोडा असं लिहिलंय."

"फट म्हणजे आळशाचं काम."

"पट्टी उन्हाळ्यात पसरते, बाळ्या. तिला अंग हलवायला जागा नको? घट्ट धरलीस तर फुगून वर येईल. फट नंतर कडेच्या पट्टीखाली झाकली जाते."

घासूने ओळ उखडली. बायको रबरी हातोड्याने ठोकत होती, तिने मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलत होते. संध्याकाळपर्यंत अर्धी खोली झाली, दुसऱ्या दिवशी उरलेली. कडेच्या पट्ट्या बसल्या, दिवे लागले, आणि सायकलींच्या त्या खोलीत एकदम कोणीतरी राहत असल्यासारखं वाटू लागलं. ताई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, परत आली, खुर्चीत बसली. काही बोलली नाही. रात्री घासू नीट जेवला नाही.

पुढच्या आठवड्यात पाऊस पडून गेला होता. घासू बागेतून थेट तळघरात शिरला, पाइप नीट वाहतोय हे सांगायला. "बाळ्या!" ताई कडाडली. "एवढी चांगली जमीन, आणि चिखलाचे पाय घेऊन येतोस? माझ्यासाठी मरमर मेहनत करून घातलीस, ती घाण करायला? फडकं घे आणि पूस."

घासूने फडकं घेतलं, पुसलं, आणि तरंगत वर आला. बायकोने विचारलं, "काय झालं? ओरडल्या ना? इथपर्यंत ऐकू आलं."

"'एवढी चांगली' म्हणाली," घासू म्हणाला.

"घाण करू नकोस, असंही म्हणाल्या."

"ते नंतर." त्या दिवशी त्याने दोनदा भात मागून घेतला.

आता ताईची काठी बराच वेळ खुंटीवरच असते. डॉक्टरांनी मुभा दिल्यापासून आतला जिना ती कठडा धरून सावकाश चढते आणि जेवायला वर येते. दुपारी बायको खाली जाते, दोघींचे पत्त्यांचे डाव रंगतात, आणि हरणारीने दुसऱ्या दिवशीचा चहा करायचा असतो. घासू रोज संध्याकाळी कोपऱ्यातली ओल तपासायला म्हणून खाली उतरतो. तळहात टेकवतो, कोरडं असल्याचं जाहीर करतो, आणि मग तिथेच बसून राहतो. ताई खिडकीतून गल्लीत कोण जातंय-येतंय ते सांगते, हा हं म्हणतो. एक कोपरा तपासायला दीड तास कसा लागतो, हे बायकोने अजून विचारलेलं नाही. ती वरून फक्त ओरडते, "सुकला असेल तर जेवायला या."