निबर पाय

आम्ही गाव सोडला त्या सकाळी सासूबाईंनी दिलेल्या पिशव्यांनीच एसटीची अर्धी सीट भरली होती. उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, कोकमाची सोलं, घरचं खोबरेल. मी म्हटलं, आई, डिचोलीत दुकानं आहेत, आपण काही परदेशी निघालो नाही, दोडामार्ग ओलांडला की गोवाच तर लागतो. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या मुलाकडे बघत होत्या. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि यांना खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हरची नोकरी लागली होती. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून हात घालून यांचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "पोटाक मारून रवू नको रे. परत येशीत तेवा आंगार मास दिसाक होया."

हे मी गावी राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय, आणि आमच्यासारखे जे हद्द ओलांडून आले त्यांच्यासाठीही. तुम्ही अजून विचारता, असं कसं झालं, धडधाकट माणूस होता. धडधाकटच होता. मीही स्वतःला तेच विचारत असते.

डिचोलीजवळ सर्वण गावात आम्हाला एक खोली मिळाली. मालकीणबाईंना सगळे माई म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच, माडांच्या भाटाला लागून घर, त्याच्या मागच्या अंगाला आमची खोली आणि न्हाणी. पहाटे पोदेर सायकलचा भोंगा वाजवत यायचा आणि माई दारातून पाव घ्यायच्या. आमच्याकडे गावी पाव म्हणजे आजाऱ्याचं किंवा पाहुण्याचं खाणं. इथे सकाळी पाव, संध्याकाळी पाव. पहिले काही दिवस मी नाकं मुरडली आणि तांदळाची भाकरी थापत बसले. मग माझेही हात आपोआप पोदेराकडे जायला लागले. भाकरीला वेळ लागतो, पावाला लागत नाही.

तेव्हा खाणी जोरात चालल्या होत्या. ट्रक भरायचा, जेटीवर जाऊन रिता करायचा, परत भरायला यायचा. जेटीवरून माल बार्जमधून मुरगावला जाई आणि तिथून बोटीने कुठल्या कुठे. जितक्या ट्रिपा तितके पैसे, म्हणून ताटावर बसून जेवायला कोणाला फुरसत नव्हती. वाटेतल्या खाण्याच्या गाड्यापाशी ट्रक जरा थांबवायचा, भाजी-पाव किंवा रस्सा-ऑम्लेट हाणायचं, वर मिरची भजी, वर थंड पेयाची बाटली, आणि परत स्टिअरिंग. मी बांधून दिलेला डबा पुष्कळदा तसाच परत यायचा. मी कुरकुर केली की म्हणायचे, रांगेतला नंबर जातो. मग तो डबा मी खाल्ला. टाकायचा कसा?

गणपतीत, चवथीला, गावी गेलो की यांचं सुटलेलं पोट बघून आईंचा जीव सुपाएवढा व्हायचा. शेजारणींना बोलावून दाखवायच्या. माझ्याकडे बघून मात्र म्हणायच्या, तूही जरा खात जा. मी तर आधीच भोपळा झाले होते. त्या काळात आम्हाला सगळ्यांना वाटायचं, आमचं बरं चाललंय आणि ते अंगावर दिसतंय.

सायली उशिरा झाली, बऱ्याच नवसासायासांनी. ती बोलायला लागल्यावर मीही यांना पपाच म्हणू लागले, म्हणून इथेही तसंच लिहिते.

पपा ट्रक नेहमी अनवाणी चालवायचे. त्या रस्त्यावरचे बरेच ड्रायव्हर तसेच. क्लच पायाला कळायला हवा, चप्पल घालून कळत नाही, असं त्यांचं शास्त्र. तापलेल्या पत्र्यावर पाय, खनिजाच्या ढिगावर पाय, पावसाच्या लाल चिखलात पाय. तळवे असे झाले होते की मी एकदा खोबरेल चोळताना म्हटलं, हे पाय आहेत की टायर. ते खूष झाले. ड्रायव्हर मंडळींत निबर पायांची फुशारकीच असायची. कोणी म्हणे मला काटा टोचला तर काटाच मोडतो, कोणी म्हणे मी विस्तव तुडवतो. ज्याचा पाय जास्त मेलेला तो जुना ड्रायव्हर, अशी त्यांची मोजदाद.

मग खाणी बंद झाल्या. एका दिवसात रस्ता गप्प झाला. ट्रक माळावर उभे राहिले आणि त्यांच्या चाकांतून गवत वर आलं. पपा कधी कोणाची टेम्पोची फेरी मारायचे, कधी नुसते घरी बसायचे. मी काजूच्या फॅक्टरीत जायला लागले. काम गेलं तरी खाण्याची सवय गेली नाही, कारण संध्याकाळी सगळे ड्रायव्हर त्याच गाड्यावर जमायचे. काम नसलेल्या माणसाला दुसरं जायला ठिकाण कुठलं? खाणी परत सुरू होणार ही बातमी रोज तिथेच शिजायची आणि तिच्याबरोबर भाजी-पाव.

डोळ्यांना धूसर दिसू लागलं म्हणून डॉक्टरकडे गेलो, तर साखर निघाली. चांगली मुरलेली. डॉक्टरने विचारलं, मुलगी केवढी आहे. मी म्हटलं, तिसरीत. तो म्हणाला, तिची दहावी बघायची असेल तर हे बाहेरचं खाणं थांबवा आणि रोज चाला. घरी दाराशी आल्यावर पपा म्हणाले, पोरगी लहान आहे गो. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात पथ्य सुरू झालं, ते आमच्या पद्धतीचं. साखरवाल्याला पोई चालते हे इथे जो तो सांगतो. पोई म्हणजे गव्हाच्या कोंड्याचा पोकळ पाव. माईंनी सांगितलं, फॅक्टरीतल्या बायकांनी सांगितलं. मग पाव बंद आणि पोई चालू. पपा औषधासारखी पोई खायचे, आणि औषध जास्त घेतलं तर जास्त गुण येईल असं त्यांना वाटत असावं. सकाळी भाजीबरोबर, संध्याकाळी आमटीबरोबर, एक संपली की दुसरी, अगदी निर्धास्त मनाने. मी टोकलं तर म्हणायचे, ही पोई आहे, पाव नव्हे. डॉक्टरला हे सांगितलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला.

चालणं मात्र त्यांनी मनापासून धरलं. खनिजाचा रस्ता रिकामाच होता. ज्या रस्त्यावर एकेकाळी बायकामुलांना पाय ठेवायची भीती वाटायची, तिथे सकाळी ड्रायव्हर लोक हात हलवत फिरायचे. त्यांतले बरेच जण साखरेचेच. पपांनी कॅनव्हासचे बूट आणले, डॉक्टरने अनवाणी फिरू नका म्हणून बजावलं होतं. रविवारी सायली सायकल घेऊन बरोबर जायची. पोट ओसरलं, चेहरा निवळला. मला खरंच वाटलं, सुटलो आपण. त्या चवथीला आईंनी त्यांना बघितलं आणि रडायलाच लागल्या. गोव्यात माझ्या मुलाला उपाशी ठेवतात म्हणाल्या, आणि रोख माझ्याकडे होता. मी साखरेचं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पपांच्या पानात आणखी दोन गोड नेवऱ्या वाढल्या.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी सायली आपले शाळेचे बूट धुवायला बसली होती. पपांचेही धुते म्हणून तिने घेतले. मी आत मासे साफ करत होते. ती बूट हातात घेऊन आली आणि म्हणाली, "पपा, तुज्या बुटांत रगत कित्याक?"

पपा खाटेवर पेपर वाचत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि हसून म्हणाले, "माझा न्हय ता. माका खंय दुखता?"

बुटातून खनिजाचा एक खडा पडला. काळा, बोराएवढा, एका बाजूने टोकदार. मी त्यांचा पाय उचलून बघितला तर अंगठ्याखाली खड्डा पडला होता, आत पांढरं दिसत होतं. किती दिवस ते त्या खड्यावर चालत होते कोणाला ठाऊक. मी बोट लावलं, दाबलं, ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ड्रायव्हरचे पाय निबर असतात, होईल बरं. दुखत नव्हतं, म्हणून आम्ही हळद भरली आणि पट्टी बांधली. दुखलं असतं तर त्याच दिवशी धावलो असतो. पायाला वास यायला लागला तेव्हा मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना पपांनी पुन्हा तेच सांगितलं, निबर पाय, ट्रक चालवून चालवून. त्या म्हणाल्या, हे निबरपण नव्हे, साखरेने पायाची जाणीव गेलेली आहे, आणि ती आज गेलेली नाही. म्हणजे गाड्यावर बसून जी फुशारकी चालायची, ती त्यांतल्या किती जणांची याच रोगाची होती, देव जाणे. आधी बोटं काढली. मग पाऊल. मग गुडघ्याखाली. दर वेळी आम्ही सही केली आणि दर वेळी वाटलं, आता थांबेल. मला राग येतो, अजून येतो. जो माणूस लेकीसाठी चालायला लागला त्याचाच पाय चालण्याने जावा, याचा राग कोणावर काढायचा ते मला कळत नाही.

माझीही साखर काठावर आहे असं तेव्हाच कळलं. सायलीच्या ताटातलं उरलेलं, यांच्या डब्यातलं उरलेलं, सगळं मी उभ्याउभ्या खाल्लं ते कुठेतरी जाणारच. आता मी फॅक्टरीतून चालत येते. रोज झोपायच्या आधी तळवे हाताने चाचपते, बोटं एकेक करून. सायली बघत असते. तिला एक तरी धड माणूस लागणार आहे, एवढंच माझ्या डोक्यात असतं.

मग चवथ आली. मूळ घरातला गणपती एकच, भाड्याच्या खोलीत वेगळा आणायचा नाही, ही आपल्याकडची रीत, आणि इतक्या वर्षांत आमची एकही चवथ चुकली नव्हती. जखम पुरती भरली नव्हती, म्हणून कृत्रिम पाय बसवला नव्हता. कुबड्या होत्या. आम्ही सर्वणहून रिक्षा केली. आपलं घर रस्त्यापासून किती वर आहे ते तुम्हाला सांगायला नको, पण चढता येत नसताना तुम्ही ते कधी खालून बघितलं नसेल. चिऱ्याच्या पायऱ्या, भाद्रपदातलं शेवाळ, आणि वर तुळशीपाशी आई उभ्या. त्यांचे गुडघे गेलेले, त्यांना उतरता येत नाही.

थोरले दीर, आमचे दादा, तयारीत होते. खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले होते आणि भावकीतले चार जण कंबर कसून उभे. चांगल्या मनानेच सगळं केलेलं. पपांनी ते बांबू बघितले, ते चार जण बघितले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "चार जणांनी उचलूची पाळी येयत तेवा उचला," ते म्हणाले. "आज नको, दादा."

दादांनी पुष्कळ समजावलं. मग ते सायलीला घेऊन वर गेले. सुनेने वर जायला हवं होतं. मी गेले नाही. रिक्षात त्यांच्या शेजारी बसून राहिले. वर आरती सुरू झाली तेव्हा पपांनी बसल्या जागी हात जोडले. आई आरतीला आत गेल्या नाहीत. त्या तुळशीपाशीच उभ्या होत्या आणि खाली बघत होत्या. एवढ्या लांबून एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. जाऊबाई पान घेऊन खाली आल्या. भात, वरण, खतखतं, पातोळ्या, नेवऱ्या. आईंचा निरोप होता, पोटभर खा, सुकलास. पपांनी अर्धी पातोळी खाल्ली आणि पान माझ्या हातात दिलं. त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

सायली जेवून उतरली, रिक्षात चढली आणि पपांच्या मांडीला टेकून विचारती झाली, "आमी घरा केन्ना वतात?"

आपण घरी कधी जायचं, हे तिने आपल्याच घराच्या पायथ्याशी बसून विचारलं. सर्वणची ती जागा आमच्या बोलण्यात नेहमी खोलीच होती. घर म्हणजे हे, वरचं. मला वाटलं पपा तिला समजावतील. त्यांनी वर घराकडे बघितलं आणि म्हटलं, "चल, घराक जावया."

परवा दादांचा फोन आला, पुढच्या चवथीला काय करायचं म्हणून. आम्ही येणार. दरवर्षी येणार, पण रस्त्यापर्यंतच. वरचं घर आता तुम्ही सांभाळा. आमचं घर जिथे पपा कोणी न उचलता आत जातात ते. एकच मागणं आहे. त्या खुर्चीचे बांबू सोडू नका. एकदा आईंना तिच्यात बसवा आणि खाली आणा. त्यांना उचलून घ्यायला कमीपणा वाटणार नाही, आणि पाय गेल्यापासून त्यांनी मुलाचा चेहरा जवळून बघितलेला नाही.