वेड्या नायकाचा पेशा

आमच्या वेड्या नायकाचा पेशा ठरायला दोन महिने लागले, आणि शेवटी ठरला तो आमच्याच वावरात, जिथे ठरू नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो.

नव्वदीची सुरुवात असेल. मी असोद्याहून बसने जळगावला कॉलेजात जायचो. वर्गात एका वकिलांचा मुलगा होता. त्याच्या परदेशातल्या मामेभावाने एका खेळाचं जाडजूड पुस्तक आणलं. याने त्याची झेरॉक्स काढली, झेरॉक्सवाल्याने दर चौथं पान काळंकुट्ट केलं, आणि उरलेल्या पानांच्या जोरावर हा स्वतःला मास्तर म्हणवून घेऊ लागला. खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. मास्तर गोष्ट सांगतो, की समोर गुहा आहे, आत राक्षस आहे. आणि बाकीच्यांनी आपापला नायक होऊन बोलायचं. घाव बसला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा सांगतो. असला फासा अख्ख्या जळगावात मिळेना. मग मास्तरच्या आईच्या हौजीतले एक ते वीस आकडे काढून आम्ही ते दळणाच्या पिशवीत घातले. हात घालणाऱ्याची बोटं पिठाने पांढरी व्हायची आणि तीच बोटं तोंडाला लागून शूरवीर विदूषकासारखे दिसायचे.

खेळणारे आम्ही दोघंच. दुसरा गडी धुळ्याकडचा, होस्टेलवर राहणारा, अंगाने आडदांड. प्रत्येकाने आधी आपल्या नायकाचा पेशा निवडायचा असतो: योद्धा, जादूगार, चोर किंवा पुजारी. धुळेकराने पाव मिनिटात योद्धा घेतला. मी म्हणालो, "माझा नायक वेडा."

"वेडा हा पेशा नाही," मास्तर म्हणाला. "वेडा कोण? योद्धा की चोर?"

वेड्यांबद्दल पुस्तकात काय लिहिलंय ते बघायला त्याने पान उलटलं, तर ते नेमकं काळं.

खरं सांगायचं तर मला नायक शोधावाच लागला नव्हता. तो घरात तयार होता. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे नाना. बिनलग्नाचे, कामाला वाघ, केळीच्या बागेत त्यांच्याइतका जाणता माणूस गावात नव्हता. फक्त एकच. केळीची कापणी झाली, घड ट्रकमध्ये भरले, ट्रक निघाला, की नाना त्याच्या मागच्या फाळक्यावर हात ठेवून गावातून शिवेपर्यंत चालत जायचे. लेकीची पाठवणी करतात तसे. शिवेवर थांबून डोळे पुसायचे आणि परत येऊन बैलांना पाणी दाखवायचे. ट्रकवाले सरदारजीही सवयीने शिवेपर्यंत पहिल्या गिअरमध्ये चालवायचे. गाव दारात उभं राहून हसायचं. माझे चुलतभाऊ हसायचे, काकू पदर तोंडाला लावून हसायची. घरात न हसणारा मी एकटा. नानांनाही ते ठाऊक असावं, कारण पहिलं पिकलेलं केळ ते गुपचूप माझ्याच हातात द्यायचे. मला त्याचा भारी अभिमान होता.

आणि मी काय केलं, तर जळगावात जाऊन नानांना पिठाच्या पिशवीत घातलं. माझा वेडा नायक प्रत्येकाला शिवेपर्यंत पोचवायचा. व्यापारी भेटला, पोचव. म्हातारी भेटली, पोचव. धुळेकराने घायाळ केलेला राक्षस पळायला लागला, तर माझा नायक त्याच्या पाठीवर हात ठेवून, डोळे पुसत त्याला गुहेच्या टोकापर्यंत सोडून आला. मी नानांची चाल काढायचो, नानांचं हुंदके गिळणं काढायचो. मास्तर हसून हसून गादीवर लोळायचा. धुळेकर तेवढा वैतागायचा. "तुना येडाना पायी मना योद्धा मरी जाई!" असं म्हणता म्हणता त्यालाही हसू फुटायचं.

पेशा मात्र ठरेना. चोर करावा, तर हा चोरी करायच्या आधी घरमालकाला रामराम घालणार. योद्धा करावा, तर शत्रूची पडलेली तलवार उचलून त्यालाच देणार. जादूगाराला मंत्र पाठ करावे लागतात. पुजारी म्हणावं, तर देव कुठला? मास्तर कागदावर पेशापुढची जागा कोरी ठेवायचा आणि म्हणायचा, "पुढच्या खेपेला नक्की." मला काही घाई नव्हती. कोरी जागा होती तोवर हसू होतं.

थंडी पडली आणि दोघांनी हट्ट धरला: असोद्याचं भरीत खायचं, तेही वावरात. मी तीन रविवार टाळलं. एकदा आजी आजारी पाडली, एकदा वांगी. चौथ्या रविवारी ते न विचारता मोटारसायकलवर येऊन धडकले. मास्तरच्या काखेत झेरॉक्सचा गठ्ठा होता. खायला आलास की परीक्षेला, असं विचारावंसं वाटलं.

माझी भीती साधी होती. त्या दिवशी बागेत कापणी होती. ट्रक उभा होता.

काट्याकुट्यांच्या जाळात वांगी भाजली. नानांनी स्वतः ती सोलून लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचली. धुळेकर म्हणाला, "नाना, मी बठ्ठा भरीत खाई टाकसू," आणि सगळं भरीत संपवायचा हा शब्द त्याने पाळायला सुरुवात केली. नाना खूश. मी मात्र एक घास इकडे, एक डोळा ट्रककडे. देवा, आज ट्रक पंक्चर होऊ दे, असं मी अगदी मनापासून म्हटलं.

ट्रक ठणठणीत सुरू झाला. नानांनी हात धुतले, उपरण्याला पुसले, ट्रकजवळ गेले आणि फाळक्यावर हात ठेवून चालू लागले.

मास्तरच्या हातातली भाकरी हातातच राहिली. धुळेकराने नानांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा आवाज कधी लहान नव्हताच. "अरे, हाऊ ते तुना हिरो शे!"

नाना थांबले. ट्रकही थांबला, सरदारजींना वाटलं काहीतरी राहिलं. मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"कोन हिरो?" नाना परत येत म्हणाले.

मास्तर खोटं बोलू शकत नाही, हा त्याचा दोष मला तेव्हा कळला. त्याने गठ्ठा उघडला आणि नानांना खेळ पहिल्यापासून समजावून सांगितला. गुहा, राक्षस, हौजीचे आकडे, सगळं. नायकाचा कागदही दाखवला. नाना उकिडवे बसून मन लावून ऐकत होते.

"येडा कोनं केला त्याले? पुस्तकात लिहेल हाये?"

"नाही. यानेच केला." मास्तरने माझ्याकडे बोट दाखवलं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते कागदाकडेच बघत होते. "आन् ही जागा कोरी कसाले?"

"त्याचा पेशा ठरत नाहीये. चार आहेत." मास्तरने चारही वाचून दाखवले. मी बडगीतल्या मिरच्यांचे देठ मोजत असल्यासारखा खाली बघत बसलो. नानांनी विचार केला. जमिनीचा सौदा करावा तसा, सावकाश.

"चोर कर त्याले," ते म्हणाले.

"चोर? का?"

"चोराले कोनी हासत नही."

मास्तरने खिशातलं पेन काढून कोऱ्या जागेत लिहिलं: चोर. अक्षर चांगलं आलं होतं. इतकी वर्षं मी समजत होतो, नानांना ते हसू झोंबत नाही. आपल्या नादात असतात. त्यांना दारादारातलं हसू झोंबत होतं, आणि जळगावातलंही आता झोंबलं. मला लाज वाटली.

नाना उठले, ट्रकजवळ गेले आणि त्यांनी पुन्हा फाळक्यावर हात ठेवला. ट्रक निघाला.

धुळेकराने तोंड पुसलं, उठला आणि धावत जाऊन नानांच्या शेजारी चालू लागला. फाळक्यावर त्यानेही हात ठेवला. त्या गड्याच्या डोक्यात असं काही येईल असं मला कधी वाटलं नसतं. मग मास्तरही गेला, गठ्ठा काखेत घेऊन. रस्त्यावर बायका दारात आल्या. नेहमीचं हसू उठलं आणि तीन माणसं बघून जरा गोंधळलं.

मी बडगीशेजारी एकटाच उरलो. नानांना मी हसत नव्हतो, हे खरं. पण इतक्या वर्षांत त्यांच्याबरोबर एकदाही चाललो नव्हतो. मी आपला दारात उभा राहून न हसणारा.

धावत सुटलो. मारुतीच्या पाराजवळ त्यांना गाठलं. फाळक्यावर नानांच्या हाताशेजारी थोडी जागा होती, तिथे हात ठेवला. फळी ऊन लागून गरम झाली होती.

नानांनी मान वळवली नाही.

"तू कसाले आला?" ते हळूच म्हणाले. "जाय घरी. लोकं हासतीन तुले."