लाँड्रीतलं गाऱ्हाणं

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसता वाचत असतो आणि इथल्या निम्म्या चमत्कारिक अनुभवांना मनातल्या मनात शिव्या घालतो. धंदा सर्व्हिस इंजिनिअरचा. औषधाच्या गोळ्या पॅक करणारी मशिन्स बनवणारी अंधेरीची एक कंपनी आहे, तिथे. मशीन बंद पडलं की त्याच्यापुढे अगरबत्ती लावणाऱ्या ऑपरेटरवर खेकसणारा माणूस आहे मी. अरे बाबा, सेन्सर पुस आधी! त्यामुळे पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय… पण बायको म्हणाली, तू लिही, नाहीतर मी मीठमसाला लावून लिहीन. म्हणून लिहितोय.

आम्ही चारकोपला राहतो. सेक्टरमधली जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, एक हॉल, एक बेडरूम, किचन. घरात आई, बाबा, मी (संदेश) आणि मानसी – म्हणजे बायको. बाबा मालवणकडचे, आयुष्य गिरणीत गेलं, पण घरातलं गाऱ्हाणं कायम त्यांचंच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : आमच्यात देवापुढे नारळ ठेवून एक जण मोठ्याने देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हा होकार आल्याशिवाय सांगणारा पुढे जात नाही. थांबून राहतो. मी टूरवर निघालो की बाबा हॉलमध्ये उभे राहून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालणार आणि मी बॅगेची चेन ओढता ओढता, खाली टॅक्सीवाला हॉर्न मारतोय म्हणून घाईघाईत ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार. हे वर्षानुवर्षं चाललेलं.

मागच्या वर्षी बाबांना स्ट्रोक आला. हात सुधारला, काठी घेऊन चालायला लागले, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं, तोंडातून मात्र फक्त ‘हां’. भूक लागली तरी हां, राग आला तरी हां. स्पीच थेरपीच्या मॅडम घरी यायच्या. त्या म्हणाल्या, जे काही परत यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत येतं, घरातल्यांनी सतत बोलत राहा त्यांच्याशी. आणि नेमकं तेव्हाच कंपनीने मला पोलंडला पाठवलं. तीन आठवड्यांचं काम आहे म्हणाले.

निघताना गाऱ्हाणं झालं नाही. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओठ हलवले, आणि काहीच आलं नाही. मी म्हटलं, “असू दे बाबा.” लिफ्ट नाही आमच्याकडे. तीन मजले बॅग घेऊन उतरलो, डोळ्यांना धड पायऱ्या दिसत नव्हत्या.

तीन आठवडे कसले… मुक्काम लांबतच गेला! मशीन नीट चालतंय अशी सही क्लायंट करेना. आज हा पार्ट हवा, उद्या तो साहेब सुट्टीवर. तिकीट इतक्यांदा बदललं की आमच्या ट्रॅव्हल डेस्कवरची मुलगी माझा आवाज ऐकला की आधीच सॉरी म्हणायची. गाव एवढंसं, दुपारनंतर अंधार, रविवारी दुकानं बंद. व्हेज म्हटलं की उकडलेला बटाटा, आणि आग्रह केला तर दोन बटाटे. एकदा राहवलं नाही म्हणून अपार्टमेंटमध्ये वरणाला फोडणी दिली, तर स्मोक अलार्म वाजला आणि अख्खी बिल्डिंग पायजम्यात खाली उतरली. माझी पार वाट लागली. त्यानंतर लिफ्टमध्ये कुणी भेटलं की माझ्याकडे बघून नाक मुरडायचं. हे सगळं मी हसत सहन केलं असतं यार. पण रोज व्हिडिओ कॉलवर बाबा दिसायचे, मी बडबड करायचो, ते ‘हां’ म्हणायचे, आणि मला आतून वाटत राहायचं, हे महिने गेले की गेले. बाबा मला परत कधी हाक मारणार नाहीत.

एका शनिवारी ऑफिसचा फोन आला, मुक्काम पुन्हा वाढला. घरी सांगितलं. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे धुवायला कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेलो. आपणच मशीन चालवायचं आणि बसायचं. एक आजी चादरींच्या घड्या घालत होत्या, बाकी कुणी नव्हतं. माझा फोन खोलीवर चार्जिंगला होता… हे लक्षात ठेवा, कारण कमेंटमध्ये पहिला प्रश्न हाच येणार. मी ड्रायरमध्ये गरगरणारे माझे शर्ट बघत होतो. आणि माझ्या खुर्चीच्या मागून बाबांचा आवाज आला.

“बा देवा म्हाराजा…”

स्पष्ट. खणखणीत. स्ट्रोकच्या आधीचा आवाज. मी वळलो, मागे भिंत. घाबरलो का? नाही. विचार करायला वेळच मिळाला नाही, लहानपणापासूनची सवय… तोंडातून मोठ्याने निघून गेलं, “व्हय म्हाराजा!”

पुन्हा आवाज आला. पुन्हा मी म्हटलं. मग पुन्हा. आणि मग बंद. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला तो तेव्हा. आजी चादर तशीच धरून माझ्याकडे बघत होत्या. मी रडत होतो, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी येऊन माझ्या हातावर एक टॉफी ठेवली आणि खांद्यावर थोपटलं.

कपडे तिथेच टाकून खोलीवर पळालो. मानसीचे मिस्ड कॉल्स. फोन लावला, तर तिचं पहिलं वाक्य – “तू इथे आहेस का रे?”

“मी पोलंडला आहे.”

“खोटं बोलू नकोस. मी बेडरूममध्ये पलंगाखाली सुद्धा बघितलं.”

झालं असं होतं. चारकोपला तेव्हा दुपार. जेवणं झाल्यावर आईचं डोकं फिरलं होतं. तिने देवापुढे नारळ ठेवला आणि बाबांना म्हणाली, “बोलूक येणा नाय, तर मनातल्या मनात घाला. पण घाला.” बाबा काठी टेकत उभे राहिले, हात जोडले, आणि बोलले. बा देवा म्हाराजा. आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, मानसी किचनच्या दारात पुतळ्यासारखी उभी. होकार कुणीच दिला नाही. बाबा थांबले. मानसी म्हणते, त्यांचे डोळे घाबरलेले होते, आता पुढचं निसटणार असे. आणि बेडरूममधून माझा आवाज आला, ‘व्हय म्हाराजा’. माझा तो नेहमीचा, घाईतला.

“मग बाबा म्हणाले –” मानसी सांगायला लागली.

“थांब,” मी म्हटलं, “पुढचं मी सांगतो. माझो झील थंय परदेशात अडाकलो आसा म्हाराजा. मग, तेका सुखरूप घराक हाड म्हाराजा.” म्हणजे, माझा मुलगा तिकडे परदेशात अडकलाय, त्याला सुखरूप घरी आण.

ती एवढंच म्हणाली, “हो.”

संध्याकाळी समोरच्या पाटीलकाकू प्रसाद घ्यायला आल्या, तर म्हणाल्या, “संदेश कधी आला गं? दुपारी ओरडत होता ना?” त्यांना कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं.

थेरपीच्या मॅडमना फोन केला. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, पाठ असलेलं, तालातलं बोलणं कधीकधी आधी परत येतं, होतं असं. ठीक आहे, पटलं. पण ‘परदेशात अडकलाय’ हे काही कुणी पाठ केलेलं नव्हतं. आणि माझ्या आवाजाबद्दल विचारलं तर मॅडम म्हणाल्या, “ते तुम्ही मला विचारू नका.” टीव्ही बंद होता, मोबाईल खोलीवर होता, आईला आणि मानसीला भास झाला म्हणावं तर काकूंनाही झाला? आणि मला इतक्या लांब? सगळं तपासलं मी, मशीन उघडून तपासतो तसं. काही सापडलं नाही. पुढच्या काही दिवसांत क्लायंटने सही केली. त्याचं क्रेडिट मात्र मी देवाला देणार नाही, त्या सहीसाठी मी माझी हाडं झिजवली आहेत.

कॉलवर बाबा पुन्हा ‘हां’वरच आले होते. म्हटलं, झालं, तेवढंच होतं बहुतेक. त्याच धाकधुकीत घरी पोचलो. आईने दार उघडलं, मी बॅग ढकलत सरळ हॉलमध्ये शिरलो. बाबा खुर्चीत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, तोंड वाकडंतिकडं करत शब्द शोधला आणि म्हणाले,

“बूट… भायर काढ.”

मी उंबऱ्यात बसलो आणि हातात बूट धरून ढसाढसा रडलो. आई म्हणाली, “अरे, दार उघडा आसा, शेजारी बघतत.”

बाबा म्हणाले, “बघूंदेत.”